शेनफडू आबांच्या इंजिनाला तेल किती?

भाचीच्या लग्नात नवरदेवाच्या मावशीने मला विचारलं, "आपण काय करता?" मी म्हटलं, "सायकलींना तेल पाजते." बाईंनी पदर सावरला आणि खुर्ची जरा लांब ओढून घेतली. पुढे सगळं लग्न त्या मला चुकवत होत्या. त्यांची काही चूक नव्हती म्हणा. माझ्या कामाला धड नावच नाही, तर मी तरी दुसरं काय सांगणार?

धरणगावात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान आहे. पाटी आहे फवारणी पंप दुरुस्तीची. हा कपाशीचा मुलूख. पाठीवर अडकवायचे इंजिनाचे पंप इथे घरोघर, आणि ते नेमके फवारणीच्या दिवसांतच बंद पडतात. ते दुरुस्त करता करता एकाने तसलंच लहान इंजिन सायकलला जोडून मागितलं. आमच्या मिस्त्रींनी ते जोडून दिलं. मिस्त्री म्हणजे माझे यजमान, पण सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणतं म्हणून मीही म्हणते. मग जळगावला सायकलवर बसवायच्या इंजिनांचे तयार संचच मिळायला लागले आणि आमच्या दारात सायकली उभ्या राहायला लागल्या. खोलायचं, घासायचं, जोडायचं ते मिस्त्रींनी. पाजायचं मी.

माझं माहेर धुळ्याचं. वडील हायवेवरच्या पेट्रोल पंपावर कामाला होते. तेव्हा स्कूटरी आणि मोपेडी खूप. त्यांच्यासाठी पंपावर तेलाचं वेगळं यंत्र असायचं. हँडल दाबलं की काचेच्या नळीत तेल वर चढायचं. मी जेवणाचा डबा घेऊन गेले की वडील मला ते हँडल दाबू द्यायचे. मिठाचा अंदाज यायच्या आधी मला पेट्रोलमधल्या तेलाचा अंदाज आला. मिठाचा अजून आलेला नाही, असं मिस्त्री म्हणतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मोटरसायकलच्या इंजिनात तेल वेगळं भरतात आणि ते आतल्या आत फिरत राहतं. आमचं टू-स्ट्रोक इंजिन लहान, आटोपशीर. त्यात तेल साठवायला जागाच नसते, म्हणून ते पेट्रोलमध्येच कालवून द्यायचं. जाता जाता ते आतल्या पिस्टनला, बेअरिंगला माखून जातं आणि मग धूर होऊन मागून निघतं. तेल कमी पडलं तर धातूवर धातू घासतो, पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकून बसतो. इंजिन जागच्या जागी जाम. तेल जास्त झालं तर प्लग काळा, सायलेन्सर चोंदलेला, ताकद गेलेली आणि मागे धुराचा लोट. या दोन्हींच्या मधे कुठेतरी आमचं पोट आहे.

तेलाचं प्रमाण कंपनी छापून देते. पण मिस्त्रींच्या हाताखालून गेलेलं इंजिन कंपनीचं राहत नाही. ते आतल्या वाटा कानशीने घासून रुंद करतात, कार्बोरेटर बदलतात, सायलेन्सर कापतात. मग इंजिन जास्त फिरतं, जास्त तापतं आणि त्याला तेलही जास्त लागतं. आमच्याकडे साधारण पंचवीसला एक चालतं. म्हणजे पंचवीस भाग पेट्रोल आणि एक भाग तेल, लिटरला चाळीस मिली. नव्या इंजिनाला सुरुवातीला थोडं जास्त. रस्त्यावरचा चढ, सायकलवरचं ओझं, ऊन, चालवणाऱ्याचं वजन आणि चालवणाऱ्याची अक्कल, एवढं बघून मी पाच-दहा मिली इकडेतिकडे करते. शेवटच्या बाबीसाठी बहुतेकदा वाढवावंच लागतं.

ही सायकल वावरात, म्हणजे शेतात चालवायची, रस्त्यावर न्यायची नाही, असं मी प्रत्येकाला बजावते. प्रत्येक जण मान डोलावतो आणि आमच्या पायरीवरून थेट रस्त्यावर उतरतो. दुकानासमोर वावर नाही, त्याला तो बिचारा तरी काय करेल.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा काय सांगू. आमच्याकडे सगळं झाकणाने मोजायची सवय. कपाशीवर औषध मारायचं तर एक झाकण, दोन झाकणं. मग तेलही झाकणानेच, आणि झाकण कशाचं हे विचारायचं नाही. मी प्रत्येकाला मिलीच्या खुणा असलेली पिचकारी फुकट द्यायला लागले. त्या पिचकाऱ्यांतून आता गावातली सगळी वासरं औषध पितात. तेल अजून झाकणानेच जातं.

नशिराबादचा एक जण होता. त्याने इंजिनाला सरकीचं तेल पाजलं, आपण भजी तळतो ते. सायकल दुकानासमोर थांबली आणि शेजारचा टेलर वासाने बाहेर आला, कोणाकडे काय कार्यक्रम आहे बघायला. मिस्त्रींनी इंजिन उघडलं तर आत काकवीसारखा चिकट थर. ते सबंध दिवस खरवडत बसले होते आणि माझ्याशी बोलले नाहीत, जसं काही मीच ते तळलं होतं. मी त्या माणसाला विचारलं, "हे कसं सुचलं तुला?" तो म्हणाला, "अक्का, घरचं तेल आहे, घाण्यावरचं. भेसळ नाही. माणसाला चालतं ते मशीनला का चालू नये?" मी म्हटलं, "मशीनला पेट्रोल चालतं. तुला चालतं का?" तो खरोखर विचारात पडला. मला भीती वाटली की हा घरी जाऊन बघेल.

दुसरी भानगड पेट्रोलचीच. हल्ली त्यात इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात मिश्रण करून महिनाभर ठेवलं की तळाशी वेगळाच थर बसतो. त्यात तेल जवळजवळ नसतं, आणि इंजिन आधी तळचंच पितं. म्हणून मी नियम केला की आठवड्यापुरतंच मिश्रण न्यायचं, पत्र्याच्या डब्यात, माझ्या हातचं. बरेच जण कटकट करत का होईना, पाळायला लागले. त्यातलेच आमचे शेनफडू आबा. पण आबांच्या बाबतीत हा नियम माझ्या चांगलाच अंगाशी आला.

शेनफडू आबा म्हणजे पंचाहत्तरी ओलांडलेला, सडसडीत, टोपी सरळ आणि बोलणं वाकडं असा माणूस. त्यांचं वावर टेकडीच्या पलीकडे. आयुष्यभर रोज सकाळी तिकडे जायचे. एके दिवशी त्यांची मोटरसायकल नाल्यात आणि आबा काठावर सापडले. हाडं शाबूत होती, पण त्यांचा मुलगा सुरेश याने मोटरसायकलची किल्ली काढून घेतली. सुरेश जिनिंगच्या हापिसात कारकून. स्वभावाने गरीब, पण भित्रा. तेव्हापासून आबा ओट्यावर. वावर सालदार गड्याच्या ताब्यात. त्यांची सून मंगल मला म्हणाली होती की एका पावसाळ्यात आबा दहा वर्षांनी म्हातारे झाले, जेवणसुद्धा टाकलं.

मग आबांनी आपली जुनी सायकल ढकलत आमच्याकडे आणली. सपाटीवर पायडल मारता येत होतं, पण टेकडीच्या चढावर दम पुरत नव्हता. मिस्त्रींनी इंजिन बसवून दिलं, चढासाठी मागे मोठं दातेरी चाक लावलं, आतल्या वाटा घासून दिल्या. आबा पुन्हा वावरात जायला लागले. महिनाभरात अंगावर मांस चढलं आणि तोंडाला धार चढली. ते इंजिन होतं तोवर आबा वावरात होते. ते नसतं तर पुन्हा ओटा. इतकं सरळ होतं ते.

एका सोमवारी सुरेश दुकानात आला. इकडे तिकडे बघितलं, मिस्त्री नाहीत याची खात्री केली आणि हळूच म्हणाला, "अक्का, आबांचं इंजिन बंद पाडा."

"म्हणजे?"

"म्हणजे आपोआप बंद पडल्यासारखं. आमचं नाव यायला नको. ते त्या चढावरून येताना माझा जीव टांगणीला लागतो. हापिसात लक्ष लागत नाही."

मी म्हटलं, बघते.

दुसऱ्या दिवशी मंगल आली. हातात भाजीची पिशवी, म्हणजे घरी भाजीला म्हणून सांगून आलेली. "अक्का, हे तुमच्याकडे येऊन गेले ना? तुम्ही इंजिन बंद पाडू नका. आबा घरी असले की माझ्या मागे मागे फिरतात. डाळ किती घातली, दूध कोणाला दिलं, फोन कोणाचा होता. मला वेड लागेल. फक्त एक करा, ते कुठे आहेत ते मला कळू दे. तेवढा घोर जाऊ दे जिवाचा."

मी म्हटलं, बघते.

तिसऱ्या दिवशी आबा स्वतः. सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "पोरी, हाई गाडी पयत नही."

मी धुळ्याची, त्यामुळे आबांशी अहिराणीतच बोलते. म्हटलं, "आबा, कोठे पयानं शे तुमले?"

"कोठेच नही. पन पयाले पायजे."

एक इंजिन आणि तीन गिऱ्हाइकं. एकाला बंद हवं, एकीला चालू हवं, एकाला पळायला हवं. मिस्त्रींना सांगितलं असतं तर त्यांनी हात झटकले असते. त्यांना इंजिनाशी बोलता येतं, माणसांशी नाही. मी त्या दिवशी पिचकारी हातात घेऊन बराच वेळ बसले आणि मला एक आयडिया सुचली. ती इतकी बेमालूम होती की मी एकटीच हसले.

मी आबांच्या डब्यात दुप्पट तेल घातलं. लिटरला ऐंशी.

आबांना म्हटलं, "आबा, इंजिन तापी ऱ्हायनं. जास्त तेल पाजस, तब्येतले चांगलं." आबा खूश. तेल म्हणजे ताकद यावर त्या पिढीचा विश्वास. त्यांनी स्वतः आयुष्यभर भाकरीवर तेल ओतून खाल्लेलं.

परिणाम मी ठरवला तसाच झाला. इंजिन सुस्तावलं. चढ चढायचं, पण कुथत. आणि मागे असा पांढरा-निळा धूर की आबा कुठेही असोत, लपणं शक्य नव्हतं. मंगल गच्चीवर कपडे वाळत घालता घालता टेकडीकडे बघायची. धूर वर चढला की आबा पोचले, खाली यायला लागला की चहा ठेवायचा. ती मला म्हणाली, "अक्का, देवच पावला." सुरेशला धूर बघून वाटलं की इंजिन शेवटच्या घटका मोजतंय आणि आता कधीही बंद पडेल. तोही खूश. तिघांनीही माझे आभार मानले. कशाबद्दल ते एकमेकांना कळू दिलं नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. धरणगावात एवढी अक्कल दुसऱ्या कोणाला नाही, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं.

मिस्त्री तेवढे कुरकुरले. दर आठवड्याला प्लग साफ करताना म्हणायचे, "याला कोणीतरी तेलात बुडवतंय." मी तोंडात सुपारी टाकून गप्प बसायचे.

पण आबा म्हणजे काही सरकीचं तेल पाजणारा तो माणूस नव्हे. काही आठवड्यांनी मंगल घाबरीघुबरी होऊन आली. "अक्का, धूर दिसत नाही हो. आबा जातात आणि येतात, मधे काही पत्ताच लागत नाही." तिच्या मागोमाग सुरेश. "अक्का, तुम्ही केलंत काय? काल आबांनी आमच्या साहेबांच्या स्कूटरला मागे टाकलं. साहेब मला विचारत होते, वडिलांचं वय काय?"

मला काही उमगेना. डब्यात तेच मिश्रण, तेच माप, माझ्या हातचं. तरी इंजिन सुतासारखं सरळ पळत होतं. मिस्त्रींनी प्लग काढून बघितला, तर छान विटकरी. "आता बरोबर आहे," ते म्हणाले. "आधी का नव्हतं कोण जाणे." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांचा संसार आहे, ते असं का बघतात ते मला कळतं.

मग मीच घाबरले. म्हटलं, मिस्त्रींना संशय आलाय, आणि हे दुप्पट तेलाचं कधीतरी बाहेर येणारच. शिवाय इतकं तेल इंजिनाच्या तब्येतीलाही बरं नव्हे. पुरे झाला चहाटळपणा, सरळ वागावं. त्या आठवड्याला मी आबांच्या डब्यात बरोबर माप घातलं. लिटरला चाळीस. सरळ वागल्याचं एवढं समाधान वाटलं की रात्री दोन घास जास्त जेवले.

पुढे काय झालं ते वाचणाऱ्यांतल्या हुशार मंडळींनी ओळखलं असेल. मी नव्हतं ओळखलं.

ऑक्टोबरचं ऊन होतं. दुपारी मंगल दुकानात आली, पायात चप्पल नव्हती. "आबा सकाळचे गेले ते आले नाहीत. फोन उचलत नाहीत. धूर तर हल्ली नसतोच." मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला, मला आणि तिला टेम्पोत बसवलं आणि आम्ही टेकडीकडे निघालो. त्या रस्त्यात मी काय काय नवस बोलले ते सांगत नाही, अजून फेडतेय. आबांना काही झालं असेल तर ते माझ्या पिचकारीने झालं असेल, एवढं मला आतून समजलं होतं. कसं ते समजत नव्हतं.

चढाच्या मध्यावर सायकल आडवी पडली होती. आबा बाजूच्या कपाशीत बांधावर बसले होते. गुडघा फुटलेला, टोपीवर माती, गालात तंबाखू. मंगल खाली उतरून त्यांच्याजवळ गेली आणि रडायलाच लागली. आबा तिला म्हणाले, "रडस कसाले? मी उतरनू." मिस्त्रींनी मागचं चाक फिरवून बघितलं. फिरेना. इंजिन जाम.

चढ होता म्हणून वेग कमी होता आणि आबा कपाशीत पडले म्हणून वाचले. तेच चाक उतारावर अडकलं असतं तर? मी तो विचार आजही पुरता करत नाही.

संध्याकाळी सगळे दुकानात. आबा स्टुलावर, गुडघ्याला पट्टी. सुरेश दारात उभा, चेहरा पांढराफटक. मंगल आबांच्या मागे. मिस्त्रींनी सिलिंडर काढला. पिस्टनवर वरपासून खालपर्यंत ओरखडे. त्यांनी तो माझ्यासमोर धरला. "तेल कमी पडलंय."

"बरोबर घातलं होतं," मी म्हटलं. "लिटरला चाळीस. या खेपेला."

"या खेपेला म्हणजे?"

आता लपवून काय उपयोग होता. मी सगळं सांगितलं. दुप्पट तेल, धूर, गच्ची, सगळं. फक्त कोणी काय मागितलं ते सांगितलं नाही. पण सुरेश आणि मंगल एकमेकांकडे बघायला लागले, तेव्हा ते वेगळं सांगायची गरज राहिली नाही.

आबा हसायला लागले. मला वाटलं चिडतील, पण ते तंबाखू थुंकून यायला बाहेर गेले आणि हसतच परत आले. म्हणाले, "गाडी पये ना, माले वाटनं पोरीनं माप चुकस. तुले वाईट वाटी म्हनीसन सांगं नही. मी डबामा निम्मं साधं पेट्रोल टाकस."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. मला मात्र हिशेब लागला. मी दुप्पट घालत होते आणि आबा ते निम्मं करत होते, त्यामुळे इंजिनाला नेमकं बरोबर मिळत होतं. आम्ही दोघं एकमेकांना फसवत होतो तोवर गाडी झकास चालली. मी सुधारले आणि आबांनी आपली सवय सोडली नाही. इंजिनाला निम्मंच तेल मिळालं.

सुरेश दारातून आत आला. तो म्हणाला, "जे झालं ते बरंच झालं. आता इंजिन नको, अक्का. सायकल इथेच राहू द्या. आबा घरी बसतील."

आबांचं हसू गेलं. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी विनवणी करताना ऐकलं नव्हतं. ते मुलाला म्हणाले, "घरमा बठीसन मी काय करू रे? भीतडाशी बोलू? वावरमा गवूं ते माले वाटस मी शे."

सुरेशने मान खाली घातली, पण नाही ते नाहीच. त्याला माया होती, मला ते दिसत होतं. मायेपुढे वाद कसा घालणार? मी दुप्पट तेल पाजून बसले होते, माझ्या तोंडाला तर कुलूपच. मिस्त्री पिस्टन पुसत राहिले.

मंगल पुढे आली. सासऱ्यासमोर नवऱ्याशी मोठ्याने बोललेली मी तिला त्या दिवशीच बघितली. "ठीक शे," ती म्हणाली. "आबा घर बठतीन. मंग तुम्ही भी सुट्टी ल्या आनि घर बठा त्यासना जोडे. डाय कितली टाकी, दूध कोनले दिधं, ते तुम्हले इचारू द्या. मी जासू वावरमा."

सुरेशने एकदा बायकोकडे बघितलं, एकदा बापाकडे. डोळ्यांपुढून सबंध दिवस सरकला असावा. मग मिस्त्रींना म्हणाला, "नवीन पिस्टन किती दिवसांत बसेल?"

बसला. पण सुरेशची एक अट होती. नवीन पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांशी जुळेपर्यंत इंजिन दमानं चालवावं लागतं, ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या वर पिळायचा नाही. आबा दमानं चालवतील यावर कोणाचाच भरवसा नव्हता. म्हणून तेवढे दिवस सुरेश मागे कॅरिअरवर बसून जाणार आणि आबांच्या मुठीवर लक्ष ठेवणार. त्याने हापिसातून सकाळची सवलत घेतली. मिश्रण मी आबांच्या डोळ्यांसमोर केलं. पिचकारी त्यांच्याच हातात दिली, खूण दाखवली, आणि साधं पेट्रोल वरून टाकणार नाही असं मंगलच्या डोक्यावर हात ठेवायला लावून वदवून घेतलं.

गावाने त्या दिवसांत फुकटचा तमाशा बघितला. पुढे ताठ बसलेले आबा, मागे पाय अंतराळी धरून बसलेला कारकून. सुरेश सारखा "आबा, हळू" म्हणायचा आणि आबा त्याला "तू उतर" म्हणायचे. चढ आला की दोघांचं वजन इंजिनाला झेपायचं नाही. मग सुरेश उतरायचा, मागून चालत यायचा आणि आबा वर थांबून त्याची वाट बघायचे. तो वर पोचला की पुन्हा दोघं पुढे.

नवीन पिस्टन पुरता जुळला, मिस्त्रींनी प्लग बघून होकार दिला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. ऊन चढायला लागलं होतं. सुरेश एकटाच चालत दुकानात आला. शर्ट घामाने भिजलेला, बुटांवर धूळ. त्याने माठातलं पाणी घेतलं, दोन पेले प्याला आणि स्टुलावर बसला.

"आबा?" मी विचारलं.

"गेले."

"कुठे गेले? नीट बोल."

"वावरात. सवयीने आजही मागे बसलो होतो, चढावर उतरलो नेहमीसारखा. वर पोचल्यावर ते थांबतील म्हणून चालत होतो." तो पेल्याकडे बघत होता. "थांबलेच नाहीत. हात वर केला नुसता. मागे बघितलंसुद्धा नाही."

"मग तू काय केलंस?"

"हाका मारल्या आधी. मग वर जाऊन उभा राहिलो. पार वावराच्या झाडाखाली उतरेपर्यंत बघत होतो. अक्का, ते गात होते. मी त्यांना गाताना कधी ऐकलं नव्हतं."

मिस्त्रींनी कानस बाजूला ठेवली. सुरेशने तोंड पुसलं, उठला आणि मागच्या फळीवरून आबांचा रिकामा डबा स्वतःच काढून माझ्यासमोर ठेवला.

"पुढच्या आठवड्याचं भरून द्या," तो म्हणाला. "आणि तेल बरोबर घाला. त्यांना लांब जायचं असतं."